ओंकार भोसरीला येण्याआधी

भोसरी,
गुरुवार

प्रिय सुभाष,

परवा फोनवर ओंकारच्या इकडच्या नोकरीबद्दल बोलताना तू विचारलंस, "पोराला काय सांगू?" आणि मी नुसतं "पाठव, बघू आपण" म्हणून मोकळा झालो. मागे मशीन चालू होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. पण फोन ठेवल्यापासून चुटपुट लागून राहिली आहे. आज गुरुवार, इकडे एमआयडीसीला सुट्टी. चहा घेतला आणि वही घेऊन बसलो. हे पत्र तू वाच आणि मग त्यालाही दे.

कराडच्या आयटीआयत आपण दोघं एकाच लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, टर्नर झालो. तू शेतीकडे वळलास, मी 2001 साली इकडे आलो. म्हणून तुला चक, टेलस्टॉक, टूलपोस्ट हे लेथचे भाग समजावून सांगायला नको. पण आपण शिकलो तो लेथ आणि ओंकार ज्यावर उभा राहील ते सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर आपोआप चालणारं मशीन, यांत एक मोठा फरक आहे. आपल्या लेथवर हँडव्हील हातात असायचं. टूल जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, लागलं की तळहाताला कळायचं. इथे दार बंद करून सायकल स्टार्ट दाबायचं. काचेवर कूलंटचा (काम थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) मारा चालू, आत काही दिसत नाही. हात रिकामे राहतात, म्हणून नवीन पोरांना वाटतं की काम मशीन करते, आपण फक्त जॉब लावायचा आणि काढायचा.

पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. ते ज्या रात्री बदललं, ती रात्र तुला कधी सांगितली नाही. आज सांगतो.

थर्ड शिफ्ट होती. 25 मिमी व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा), माप 24.98 ते 25.00 मध्ये बसवायचं. अडीचच्या सुमारास मोजला तर 25.03 आला. इन्सर्ट, म्हणजे टूलला लावायची बदलती कापणारी वडी, झिजली की असं होतंच, टूल मागे पडतं आणि व्यास वाढतो. अशा वेळी वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायचा आकडा मशीनच्या स्क्रीनवर टाकतात तिथे, उणे 0.04 द्यायचं, की पुढचा जॉब 24.99 येतो. मी झोपेच्या भरात उणे 0.4 दिलं. एक शून्य राहिलं. आणि पुढचा पीस न मोजताच मशीन चालू ठेवली. एका शाफ्टला दीड मिनिटाची सायकल. चाळीसेक मिनिटांनी मायक्रोमीटर लावला तेव्हा 24.63. तोवर सव्वीस शाफ्ट झाले होते.

लेथवर मोठा आलेला जॉब परत घेता येतो, लहान झालेल्याला इलाज नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या अंगाला घाम फुटला. मी कॉन्ट्रॅक्टवर होतो, सहा महिनेही झाले नव्हते. मी ते सव्वीस शाफ्ट क्रेटच्या तळाशी घातले आणि वर चांगले लावले.

सकाळी सहाला आमचे सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी ऑफसेटचं पान उघडलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि क्रेट उलटा केला. ओरडले नाहीत. मला खाली बसवलं आणि सव्वीसच्या सव्वीस शाफ्ट माझ्याकडून मोजून घेतले, प्रत्येकावर मार्करने रीडिंग लिहायला लावलं. शिफ्ट संपून तास झाला होता. शेवटचा झाल्यावर म्हणाले, "यातला एक जरी निघून गेला असता तर कुणाच्या तरी गाडीत बसला असता." मग क्रेट माझ्या हातात दिला आणि सुपरवायझरच्या टेबलापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. सुपरवायझर बोलायचं ते बोलले. नोकरी राहिली. ती मामा शेजारी उभे होते म्हणून राहिली, असं मी आजही मानतो.

ओंकारला माझं सांगणं हेच आहे. चूक झाली की त्याच मिनिटाला मशीन थांबव, जॉब हातात घे आणि सेटरकडे जा. एक जॉब गेला तर कुणी घरी पाठवत नाही. मी आता चौदा पोरं हाताखाली शिकवून तयार केली आहेत. त्यांतलं जे पोर स्वतःहून "माझ्याकडून बिघडला" म्हणत आलं, त्याच्याकडे मी पहिल्यांदा सेटिंग दिलं. जे तासातासाच्या रिपोर्टमध्ये न मोजता आकडे भरत होतं, त्याला नाही दिलं. न मोजता भरलेले आकडे लगेच ओळखू येतात, कारण सगळे एकसारखे असतात. खऱ्या मापात दोन-पाच मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग) हालचाल असतेच.

आता मोजण्याबद्दल. आयटीआयत व्हर्निअर आणि मायक्रोमीटर शिकवतात, पण तिथे परीक्षेपुरतं असतं. ओंकार आला की पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी मी त्याला एकच जॉब दहा वेळा मोजायला लावणार आहे, आधीचं रीडिंग झाकून. मायक्रोमीटरचा थिंबल (फिरवायची मूठ) आवळून फिरवायचा नाही, टोकाच्या रॅचेटने फिरवायचा, दोन-तीनदा टिक टिक झालं की थांबायचं. जॉब आणि मायक्रोमीटरची तोंडं आधी पुसून घ्यायची, कूलंटचा थर असला तरी माप चुकतं. आणि गरम जॉब मोजून कधीच ऑफसेट द्यायचा नाही. 100 मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब खोलीपेक्षा वीस अंश गरम असला तर वीस-पंचवीस मायक्रॉन मोठा दाखवतो. तो बघून पोरगं ऑफसेट देतं, जॉब थंड होतो आणि लहान भरतो. मग म्हणतात मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे. फॅनुकवर, म्हणजे मशीनच्या कंट्रोलवर, आकडा टाकताना दशांशचिन्ह विसरू नको, हेही त्याला सांग. बऱ्याच मशीनवर 5 च्या पुढे टिंब न देता दाबलं तर ती पाच मिलिमीटर नाही, पाच मायक्रॉन समजते.

जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, पाठ झालेत म्हणत होता, चांगलं आहे. G00 जलद हालचाल, G01 कटिंग, M03 स्पिंडल (जॉब फिरवणारा भाग) सुरू, M30 प्रोग्रॅमचा शेवट, हे आठवड्यात येतं. पण चालू प्रोग्रॅम वहीत उतरवून प्रत्येक ओळीला टूल कुठे आहे ते पेन्सिलीने काढायची सवय त्याने लावावी. आणि कान उघडे ठेवावेत. इन्सर्टची धार गेली की आवाज जड होतो, कापून निघणाऱ्या चिपचा रंग आणि वळण बदलतं. साधी सीएनएमजी प्रकारची इन्सर्ट दोन्ही बाजू धरून चार कोपरे देते. नवीन पोरं दोन वापरून फेकून देतात, कारण पलटायचं कुणी सांगितलेलंच नसतं. असल्या गोष्टी विचाराव्या लागतात. विचारायची लाज वाटू देऊ नको म्हणावं.

आमच्याकडे बरंच कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं. वरून एकदम छान दिसतं आणि शेवटच्या फिनिशिंगच्या कापाला आत ब्लो होल (हवेची पोकळी) उघडतो. अशा जॉबचं खापर ऑपरेटरवर फुटू नये म्हणून तो लगेच बाजूला काढून दाखवायचा. यातसुद्धा लपवायचं नाही हाच मुद्दा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नकोत. जड जॉब उचलताना घाल, धार असलेले जॉब ठेवताना घाल, पण स्पिंडल फिरताना हातात काही नको. अंगठी नको, मनगटाला देवाचा धागा नको. वहिनींना वाईट वाटेल, पण धागा गळ्यात आत घालता येतो. साध्या लेथवर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरता जॉब घासायची खोड पुष्कळांना असते. बाजूच्या गल्लीतल्या एका शेडमध्ये एका पोराचं बोट त्यात गेलं, एकवीस वर्षांचा होता. चिपचा गुंता हाताने ओढायचा नाही, ओढायचा लोखंडी आकडा घ्यायचा. प्रेशरची हवा अंगावर मारून कपडे झटकायचे नाहीत. हे त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवायचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधार, पॅन आणि पासबुकावर नाव अक्षर न् अक्षर एकच करून आण, नाहीतर पीएफला वर्षानुवर्षं घोळ होतो. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन नंबर तोच ठेवायचा, नवीन काढू द्यायचा नाही. पगाराची स्लिप मागायची. ईएसआयसीचे (आजारपणाच्या विम्याचे) पैसे कापतात तर कार्ड हातात हवं. ओव्हरटाइमचा कायदेशीर दर दुप्पट आहे. छोट्या शेडमध्ये तो मिळेलच असं नाही, पण आपला हक्क काय ते त्याला ठाऊक असावं. आणि अप्रेंटिसशिप सोडू नको. बाहेर कॉन्ट्रॅक्टवर दोन-चार हजार जास्त देतात म्हणून पोरं ती टाळतात. मला विचारशील तर ते वर्ष शिकण्याचं आहे. पुढे टूलरूमकडे जायची आवड दिसली तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम आहे, त्याचं नंतर बघू.

राहण्याचं म्हणशील तर पहिला महिना माझ्याकडेच. मग कॉट बेसिसवर खोली बघू, मोशीच्या बाजूला. थर्ड शिफ्टला मेसचा डबा रात्री गार होतो, म्हणून पोरं वडापाववर दिवस काढतात आणि महिन्याभरात पोट बिघडवून बसतात. वहिनींना सांग, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी टिकेल एवढी द्या, बाकी माझी बायको बघेल.

त्याला बुधवारी रात्री बसव, म्हणजे गुरुवारी मी मोकळा असेन. स्वारगेटला उतरून मेट्रोने यायचं, नाशिक फाट्याच्या स्टेशनवर उतरायचं, त्याला भोसरी स्टेशनही म्हणतात. भोसरी गाव तिथून लांब आहे, नाव बघून गोंधळेल. खाली जिन्यापाशी थांब म्हणावं, मी येतो. दोन फुल बाह्यांचे शर्ट आण म्हणून तू सांगशील, तर नको, अर्ध्या बाह्यांचे दे. सेफ्टी शूज मी माप घेऊन इथेच आणतो. आयटीआयची जर्नल मात्र बरोबर असू दे, त्यातल्या आकृत्या मला बघायच्या आहेत.

तुझा,
दिलीप