अळीचे दात आणि साखळीचे दात

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

चेनसॉच्या, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या करवतीच्या, साखळीचं तुझं रेखाटन पाहिलं. दात अळीच्या जबड्यासारखे छान वळवलेस, पण सगळे एकाच बाजूला. गोम तिथेच आहे.

१९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. बोटाएवढी अळी, पण लाकूड आडवं असो की उभं, सारख्याच सहजतेने कापत होती. तेव्हाच्या साखळ्यांचे टोकदार दात लाकूड ओरबाडायचे आणि लवकर बोथट व्हायचे. अळीचे जबडे मात्र डावी-उजवीकडून आत येत लाकूड कातरत होते. कॉक्सने साखळीवर तेच आणलं. एक दात डावा, एक उजवा, वर आत वळलेला. आजच्या साखळ्याही याच घडणीच्या.

त्यातला एक दात नीट बघ. धारेच्या पुढे एक बुटका उंचवटा दिसेल, धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. ढलपा किती जाड निघणार ते हाच ठरवतो. अळीला असलं काही लागत नाही, ती आपल्या बेताने घास घेते. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, तिला लगाम हवाच. तुझ्या चित्रात तो नाही.

कानस मारून मारून दाताची धार खाली येते, उंचवटा मात्र होता तेवढाच राहतो. मग साखळी नुसती घासते, ढलप्याऐवजी पीठ पडतं. उंचवटा फार घासला तर दात रुततात आणि करवत झटके देते. गोल कानस बहुतेक साखळ्यांना ३० अंशांत धरायची, आतून बाहेर, एकाच दिशेने. हाताचा जोर एका बाजूला जास्त पडतोच, म्हणून दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी मोजून बघावी. ती कमीजास्त झाली की काप वाकडा जातो. तुझ्या साखळीला तर दुसरी बाजूच नाही!

जबड्यावरून तू जी पकड करणार आहेस, तिच्यासाठी मात्र जबड्याचा आकार नको, सांधा घे. भुंग्याचा जबडा डोक्याला दोन ठिकाणी टेकलेला असतो, म्हणून बिजागरीसारखा एकाच पातळीत हलतो, पिळत नाही. मिटणारा स्नायू उघडणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हा पकडीला एका खिळ्याऐवजी दूर-दूर दोन टेकू दे. उघडायला हलकी स्प्रिंग पुरे.

नवं रेखाटन पाठवशील तेव्हा साखळी वरून कशी दिसते तेही काढ. बाजूने काढलेल्या चित्रात डावा-उजवा कळत नाही.

तुझी आई