लोकेशन ध्वनिमुद्रकांना राष्ट्रीय पुरस्कारात पुन्हा जागा द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये ध्वनीसाठी काही वर्षे तीन स्वतंत्र पुरस्कार दिले जात होते. एक चित्रीकरणस्थळी संवाद आणि आवाज टिपणाऱ्या लोकेशन ध्वनिमुद्रकाला, दुसरा चित्रपटाची एकूण ध्वनिरचना करणाऱ्या साउंड डिझायनरला आणि तिसरा सगळ्या आवाजांचे अंतिम मिश्रण करणाऱ्या री-रेकॉर्डिस्टला. २००९ च्या चित्रपटांपासून ही विभागणी लागू झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७० व्या पुरस्कारांपासून मात्र त्यांतला साउंड डिझायनरचा पुरस्कार तेवढा उरला आहे. या बदलाची गंभीर चर्चा मराठी वृत्तपत्रांतून माझ्या तरी वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या बदलाने नेमके काय गमावले, हे समजून घेण्यासाठी ऑस्करविजेते ध्वनितंत्रज्ञ रसूल पूकुट्टी यांची वाटचाल पाहावी. केरळमधील कोल्लम जिल्ह्यातल्या विळक्कुपारा या गावी १९७१ मध्ये त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांचे कुटुंब, वडील खासगी बसवर नोकरीला आणि गावात वीज नाही, अशा परिस्थितीत रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करून हा मुलगा भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला, नंतर कायदा शिकू लागला आणि तो अर्धवट सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकायला आला. (कायद्याची पदवी त्यांनी ऑस्कर मिळाल्यानंतर, २०१२ मध्ये पूर्ण केली, याचे मला विशेष कौतुक वाटते.) ज्या आवारात प्रभातचे पुण्यातले सुरुवातीचे बोलपट गाण्यांसकट थेट सेटवर मुद्रित होत, त्याच आवारातून १९९५ मध्ये ते शिकून बाहेर पडले आणि मुंबईत काम शोधू लागले.

त्या वेळी हिंदी चित्रपटसृष्टीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज म्हणजे डबिंगपुरता कच्चा संदर्भ, एवढीच त्याची किंमत होती. हाताळायला सोपा पण चालताना खडखडणारा ॲरिफ्लेक्स कॅमेरा सर्रास वापरात आल्यावर सेटवरचा आवाज निरुपयोगी ठरू लागला. नट प्रसंग एकदा उभा करत आणि काही महिन्यांनी डबिंगच्या बंद खोलीत, पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांकडे पाहत, तेच संवाद पुन्हा म्हणत. धावत आल्यानंतरची धाप, रडण्याआधी घशात अडकलेला शब्द, दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केल्यावर होणारी गफलत, हे सारे त्यात हरवत असे. २००१ मध्ये ‘लगान’साठी नकुल कामटे यांनी कच्छच्या उघड्या माळावर, प्रचंड जमावाच्या प्रसंगांसह, थेट ध्वनिमुद्रण केले आणि असे काम आपल्याकडेही होऊ शकते हे निर्मात्यांना पटू लागले. त्या वर्षीचा ध्वनीचा राष्ट्रीय पुरस्कार कामटे आणि मिश्रण करणारे एच. श्रीधर या दोघांना मिळाला होता. पुरस्कार एकच असूनही तेव्हा दोन्ही नावे घेतली गेली, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

पूकुट्टी यांचा पहिला चित्रपट १९९७ चा. त्यांचे नाव झाले ते २००५ च्या ‘ब्लॅक’मुळे. ज्या कथेच्या नायिकेला ऐकूच येत नाही, त्या कथेची ध्वनिरचना करणे ही कोणत्याही साउंड डिझायनरची कसोटीच होती. पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये, लहान डिजिटल कॅमेरे घेऊन गल्लीबोळांतून पळणाऱ्या मुलांच्या मागे धावत हा चित्रपट टिपला गेला, आणि त्या वस्त्यांमधले संवाद स्वच्छ मुद्रित करण्याची जबाबदारी पूकुट्टी यांच्यावर होती. हे काम कसे चालते याची कल्पना प्रेक्षकाला सहसा नसते. चौकटीच्या कडेवर बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरून उभा राहणारा सहायक, नटांच्या कपड्यांत कापडाची सळसळ होणार नाही अशा बेताने लपवलेले छोटे माइक, जनरेटर लांब न्यायला लावण्यासाठी घातलेली हुज्जत, शेजारच्या घरातला पंखा बंद करण्यासाठी केलेली विनवणी, आणि दृश्य संपल्यावर सगळ्यांना स्तब्ध उभे करून त्या जागेचा नुसता रिकामा आवाज टिपून ठेवणे, असे हे काम आहे. हा रिकामा आवाज नसेल तर संकलनात दोन संवादांमधली फट कानाला ठेच लागल्यासारखी जाणवते. त्यातच दिवस मावळत आला की सेटवर सर्वांत आधी ध्वनी विभागालाच सांगितले जाते, ‘राहू द्या, डब करून घेऊ.’

२२ फेब्रुवारी २००९ रोजी या कामासाठी पूकुट्टी यांना रिचर्ड प्राइक आणि इयान टॅप यांच्यासह ऑस्कर मिळाले. तो पुरस्कार ध्वनिमिश्रणाचा होता. प्राइक आणि टॅप यांनी अंतिम मिश्रण केले होते, तर पूकुट्टी यांनी चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण केले होते. त्या मंचावर ओंकाराविषयी आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या शांततेविषयी ते बोलले, हे अनेकांना आठवत असेल. ज्या कामासाठी भारतीय तंत्रज्ञाला जगाने गौरवले आणि ज्याच्यानंतर २०१० मध्ये देशाने त्यांना पद्मश्री दिली, नेमक्या त्याच कामासाठी आज आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र जागा नाही.

यावर कोणी म्हणेल की ऑस्करनेही ध्वनीचे दोन पुरस्कार २०२१ मध्ये एकत्र केले. ते खरे आहे, पण त्यांनी एकत्र केले ते पुरस्कार. माणसे वगळली नाहीत. त्या वर्षी ‘साउंड ऑफ मेटल’साठी पाच जणांना तो सन्मान मिळाला आणि चित्रीकरणस्थळी आवाज टिपणारे फिलिप ब्लाड त्या पाचांत होते. आपल्याकडे या पुरस्कारात दिल्या जाणाऱ्या रजत कमळासोबतची रक्कम ५० हजारांवरून २ लाख रुपये झाली, याचे स्वागतच आहे. परंतु तिघांच्या कामावर नाव मात्र साउंड डिझायनरचेच येते. याची अडचण परीक्षकांनाही जाणवली असावी, असे मला वाटते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१ व्या पुरस्कारांत ‘ॲनिमल’च्या साउंड डिझायनरांना पुरस्कार मिळाला आणि त्याच चित्रपटाचे मिश्रण करणारे एम. आर. राजकृष्णन यांचा विशेष उल्लेख करावा लागला.

२०२२ मध्ये लोकेशन ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार एका कन्नड चित्रपटाला जाहीर झाला, तेव्हा तो चित्रपट थेट ध्वनीचा नसून डब केलेला आहे, असे त्याच चित्रपटाच्या साउंड डिझायनरने आणि पूकुट्टी यांनीही जाहीरपणे सांगितले. ती चूक गंभीर होती. पण ती पडताळणीतली चूक होती, आणि तिच्यावर उपाय करायचा तर पडताळणी सुधारायला हवी. पुरस्कारच राहिला नाही, तर वर्षभर उन्हातान्हात बूम धरणाऱ्या माणसाने दाद मागायची तरी कुठे?

मराठीचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे. धनगरांच्या भटक्या जगण्यावरील ‘ख्वाडा’साठी महावीर सब्बनवाल यांना लोकेशन ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांचा कळप, माळावरचा वारा आणि अहमदनगरकडची बोली स्टुडिओत तशीच्या तशी उभी करता येत नाही. विशेषतः बोली. गावातल्या माणसांनाच भूमिका देण्याची पद्धत आज मराठीत रुजली आहे आणि ही माणसे डबिंगच्या खोलीत गेली की पुस्तकी बोलू लागतात. ‘मी वसंतराव’साठी अनमोल भावे यांना साउंड डिझाइनचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा बातम्यांमध्ये गायक-अभिनेत्याविषयी भरभरून लिहिले गेले, भावे यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली.

या मंडळींना पुरस्कारांचे काय एवढे, असे कोणाला वाटू शकते. पण ऑस्करनंतर हिंदीत आपल्याला काम मिळेनासे झाले होते आणि प्रादेशिक चित्रपटांनी आपल्याला सावरले, असे खुद्द पूकुट्टी यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. जगभर नाव झालेल्या तंत्रज्ञाची ही स्थिती असेल, तर दर चित्रपटागणिक नव्याने काम शोधणाऱ्या मुद्रकाला रजत कमळाचा केवढा आधार वाटत असेल, याचा विचार व्हावा. नटाला प्रेक्षक ओळखतात, पण ध्वनिमुद्रकाची ओळख श्रेयनामावलीत आणि अशा सन्मानांतच असते.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने लोकेशन ध्वनिमुद्रक आणि री-रेकॉर्डिस्ट यांचे पुरस्कार पूर्ववत सुरू करावेत. ते शक्य नसेल तर साउंड डिझाइनचा पुरस्कार तिघांच्या नावे द्यावा. लोकेशन ध्वनीसाठी प्रवेशिका पाठवताना किती संवाद थेट मुद्रित आहेत याचे लेखी निवेदन आणि काही प्रसंगांचे मूळ ध्वनिमुद्रण सादर करणे बंधनकारक करावे, आणि ते ऐकण्यासाठी परीक्षक मंडळात किमान एक अनुभवी ध्वनितंत्रज्ञ असावा. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. चित्रपट परीक्षणाच्या शेवटी दिग्दर्शक, छायालेखक आणि संगीतकार यांची नावे दिली जातात, त्यांच्या सोबतीने साउंड डिझायनर आणि लोकेशन ध्वनिमुद्रक यांची नावेही येत्या शुक्रवारपासून छापली जावीत.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद, पुणे