डोंबिवलीच्या फ्लॅटबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेली बँकेच्या लिलावाची जाहिरात वाचली आणि काल हाफ डे टाकून डोंबिवलीला जाऊन जागाही बघून आले. फोनवर आपण दोघं लगेच तापतो, म्हणून सविस्तर लिहितेय. भाड्याने द्यायला म्हणून हा फ्लॅट घ्यायचा म्हणताय, पण तो घेऊ नका.

60 लाखांची जागा 42 लाखांत मिळतेय, हे खरं. पण जाहिरातीत बँकेकडे फक्त 'सांकेतिक ताबा' असल्याचं छापलंय. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, पेपरात दिली, पण किल्ली तिच्याकडे नाही. ती नोटीस अजून दारावर आहे, अर्धी फाटलेली, आणि खाली उंबऱ्याशी कालचीच ताजी रांगोळी. आत भाडेकरू राहतात. बाईंनी मला घरात बोलावलं, पाणी दिलं. भाड्याच्या पावत्या त्यांनी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवल्यात. मालकाने कर्ज काढण्याआधीपासून आम्ही इथे आहोत, असं त्यांचं म्हणणं. "आमचं डिपॉझिट कोण देणार?" असं त्यांनी मलाच विचारलं.

त्यांचं म्हणणं खरं निघालं तर सगळंच अवघड आहे. कर्जाच्या आधीपासूनच्या कायदेशीर भाडेकरूला बँकेच्या वसुली कायद्याच्या जोरावर थेट बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलंय. तोही खटला मुंबईतलाच. मग उरतो 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. भाडं नियमित भरणाऱ्याला काढायचं तर कायद्यातलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. आपल्या वाड्यातल्या दाव्यापायी आजोबांनी किती खेटे घातले, ते आई, तू डोळ्यांनी पाहिलंयस.

एजंट म्हणतो, "ताबा आम्ही मिळवून देऊ." कसा, ते विचारलंत का? पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ते ताबा परत मागू शकतात. आणि बाबा, कायदा बाजूला ठेवला तरी, त्या बाईंच्या दारात चार दांडगट माणसं उभी करून मिळालेलं भाडं आपल्या घरात यावं, हे तुम्हाला तरी चालेल का? मला नाही चालणार.

पैशांचंही बघा. बोली लागली की 25 टक्के लगेच भरायचे, म्हणजे साडेदहा लाख, आणि बाकीचे पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळाली नाही आणि रक्कम जमली नाही, तर भरलेले पैसे बुडतात. शिवाय सोसायटीची थकबाकी आहेच. सेक्रेटरींनी वहीच पुढे केली. हे सगळं तुमच्या ग्रॅच्युइटी आणि पीएफमधून जाणार, वर ताबा मिळेपर्यंत एक रुपया भाडं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन याच पैशांवर ठरलंय ना?

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रत्येकी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज मिळतं. जागाच हवी असेल तर रिकामी, किल्ली हातात देणारी शोधू, लहान का असेना. ते मी बघते.

रविवारी येतेय. तोवर एजंटला इसाराचे पैसे देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. आई, बाबांचं चेकबुक तुझ्या कपाटात ठेव.

तुमची,
मनू