पाळणाघर पाचला बंद होतं, आई साडेसातला येते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या पारडीला राहते आणि घरीच पाळणाघर चालवते. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत सध्या अकरा लेकरं असतात. पहिलं पावणेसातला येतं, कारण त्याची आई कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाते आणि उशीर झाला की तिच्या जागी दुसरी बसते. शेवटचं संध्याकाळी साडेसातला जातं. मिरचीवाली आई परतली की आधी मोरीत जाते, हातांना तेल चोळते, दोनदा साबण लावते आणि मगच पोराला उचलते. तोवर पोर रडत असतं आणि ती लांबूनच त्याच्याशी बोलत असते. हे मी रोज पाहते, म्हणून लिहायला बसले.

२००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं मी सरकारी योजनेतल्या पाळणाघरात सेविका होते. आधी तिला राजीव गांधी योजना म्हणत. १ जानेवारी २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. पंचवीस लेकरं, एक सेविका, एक मदतनीस. मला महिना ३,००० रुपये मानधन, मदतनीस बाईला १,५००. दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून लेकरामागे महिन्याला २० रुपये घ्यायचे, महिन्याला १२,००० पर्यंत मिळकत असेल तर १००, त्यावर २००. आमच्या वस्तीत बहुतेक घरं वीसवालीच. म्हणजे पंचवीस लेकरांचे महिन्याला पाचशेच्या आसपास जमायचे. तेवढ्यात दूधही भागत नव्हतं.

कागदावर खर्चाची वाटणी अशी होती: केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ३०, चालवणाऱ्या संस्थेचे १०. आमच्या संस्थेनं ते दहा टक्के कधी उभे केले नाहीत. मानधन हातात आलं की त्यातले काही परत द्यायचे आणि देणगीच्या पावतीवर सही करायची. मी दर वेळी सही केली. न करून सांगणार कोणाला होते?

त्याहून जास्त मोडलं ते उशिरानं. कधी पाच, कधी आठ महिने पैसा यायचा नाही. डाळ-तांदूळ गल्लीतल्या किराणावाल्याच्या उधारीवर, गॅस माझ्या घरचा. एका उन्हाळ्यात कानातले गहाण ठेवून कूलर दुरुस्त केला, कारण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दोन वर्षांचं लेकरू ठेवायचं म्हणजे काय, हे ज्यानं ठेवलं त्यालाच कळतं. शेवटी २०१८ मध्ये भाडं थकलं म्हणून घरमालकानं कुलूप लावलं. पाळणाघर बंद करायचा आदेश वगैरे काही निघाला नव्हता.

त्या पंचवीसपैकी सहा-सात जणं दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी आली. काही गावाकडे आजीकडे गेली. एका घरी मात्र आठ वर्षांच्या मुलीची शाळा सुटली. धाकट्याला कडेवर घेऊन ती माझ्या दारावरून जायची. मी विचारलं की म्हणायची, "उद्यापासून जाईन ना मावशी." तो उद्या दोन वर्षं आला नाही. पाळणाघराची मोजदाद करताना अशा मोठ्या बहिणी कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

आता २०२२ पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमात 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर, देशभरात अशी १७,००० उघडायची, सेविकेला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये. मानधन वाढलं, हे बरं झालं, आणि मी ते मनापासून म्हणते. पण दोन गोष्टी जुन्याच राहिल्या.

पहिली तासांची. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. सकाळी साडेनऊला उघडलं तर पाचला बंद. माझ्याकडच्या अकरा आयांपैकी एकीलाही हे तास पुरत नाहीत. धुणीभांडी करणारी सातला निघते, इतवारीतल्या दुकानात काम करणारी रात्रीच परतते. पुढचे-मागचे चार-पाच तास लेकरं पुन्हा शेजारणीच्या भरवशावर, नाहीतर त्या मोठ्या बहिणीच्या.

दुसरी गोष्ट वयाची. सहा महिने पूर्ण झालेलंच बाळ घेतात. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, तिच्याशी हा हिशोब बरोबर जुळतो. पण ती रजा कोणाला मिळते? माझ्याकडे येणाऱ्या आया दीड-दोन महिन्यांत कामाला लागतात. सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये बाळंतपणातच संपलेले असतात, आणि चार घरची कामं कोणी सहा महिने राखून ठेवत नाही. गेल्या हिवाळ्यात एक आई पावणेदोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. "मावशी, तुमीच ठेवा, नाईतर माया कामावर दुसरी लागते," म्हणाली. मी ठेवलं. अकरा लेकरांत ते एक तान्हं सांभाळताना माझी काय तारांबळ उडते ते लिहीत नाही, पण त्या बाळासाठी सरकारच्या कोणत्याच पाळणाघरात जागा नाही, एवढं खरं.

कायद्यांचंही तसंच. ५० कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं २०१७ मध्ये ठरलं. बांधकामासाठी १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर, अशी अट होती. आमच्याकडच्या साइटवर एका वेळी आठ-दहा बाया असतात. पन्नास मी तरी कधी पाहिल्या नाहीत. उलट २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मला फार शहाणी वाटलेली एक तरतूद केली होती: कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं आली तरी तिथल्याच एका बाईला सांभाळायला बसवायचं आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. तिथं लेकरं मोजली आणि सांभाळणं हे मजुरीचं काम धरलं. खेड्यातल्या कामावर जे लिहिता आलं, ते शहरातल्या पारडीत, वाठोड्यात, यशोधरानगरात का लिहिता येऊ नये?

म्हणून माझी मागणी एकच आहे. मदतीचा पैसा लेकरू आणि त्याला सांभाळलेले तास यांच्या हिशोबानं द्या, आणि तो दर महिन्याला सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात थेट टाका. मधली संस्था नको. माझ्यासारख्या घरगुती पाळणाघरांनाही यात धरा. मी लेकरामागे ८०० रुपये घेते. दोन आया ते लाडकी बहीणच्या दीड हजारातून देतात, तिघी जेव्हा जमेल तेव्हा. मी मागत नाही, पण त्यामुळे मदतीला दुसरी बाई ठेवता येत नाही.

पैसा घ्यायचा तर तपासणीही आलीच, आणि ती मला हवी आहे. घराची पाहणी करा, पोलिसांकडून चौकशी करा, ताप-फेफरं आल्यावर काय करायचं याचं शिक्षण द्या, न सांगता या आणि पाहा. किती लेकरांमागे एक बाई, ते ठरवून द्या. तान्ही असतील तर ती संख्या कमी धरा. नऊ वर्षांत माझ्या केंद्रावर जे साहेब आले, त्यांनी रजिस्टर पाहिलं, लेकरांकडे फार कोणी पाहिलं नाही.

'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांनी दिला. लेकरं जिथं आहेत तिथं, त्यांच्याच अंगणात जायचं, ही त्यामागची कल्पना. आमच्या वस्तीतली अंगणं अजून तिथंच आहेत.

दर डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरतं, मोर्चे निघतात. २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडीच्या ताया संपावर होत्या, तेव्हा मलाही त्यांच्यासोबत बसायचं होतं. पण त्या दिवसांत माझ्याकडे नऊ लेकरं होती आणि ती सोडायची कोणाकडे, ते कळेना. या वर्षीही माझं येणं होणार नाही. आमदारसाहेब पारडीला आले तर मात्र मी पावणेसातपासून घरीच असते.

आपली,
एक पाळणाघरवाली मावशी
पारडी, नागपूर
(नाव छापू नये, ही विनंती)