झाडाचा घेर मोजता, तोडणाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरून रान वाळू लागले की आमच्या मंडणगड-दापोलीच्या डोंगरांतून झाडे तोडणाऱ्या कटर मशीनचे आवाज सुरू होतात, ते मे अखेरपर्यंत. माझे वडील दोघांच्या करवतीवर काम करायचे, थोरला भाऊ मशीनवर. म्हणून हे पत्र.

या कामाला अंगमेहनत समजले जाते, पण त्यात हिशेब फार आहे. झाड ज्या अंगाला पाडायचे त्या बाजूला आधी खाच, मग पाठीमागून काप, आणि दोहोंच्या मधे लाकडाची एक पट्टी न कापता राखायची. ती पट्टी झाडाला धरून सावकाश खाली आणते. घाईत ती कापली गेली, की झाड कुठे वळेल याचा नेम नाही. मशीनच्या पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. हे सगळे भावाला कोणी शिकवले नाही, बघून बघून आले. पायात स्लीपर, डोक्याला टॉवेल. साखळी धाग्यांत अडकून थांबावी म्हणून खास शिवलेली पँट असते, हे त्याला मी मोबाईलवर दाखवले तेव्हा कळले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. आंबे, फणस, माड, पोफळी रस्त्यांवर आणि घरांवर आडव्या. वीज नाही, मोबाईल बंद. तेव्हा वाटा मोकळ्या केल्या त्या याच कटरवाल्यांनी. उन्मळून पडलेले झाड उभ्या झाडाहून वाईट. त्यात ताण कोंडलेला असतो. बुंधा कापून सुटा झाला की मुळांचा मातीसकट गड्डा कधी कधी परत उभा राहतो, त्या खड्ड्यात माणूस उतरलेला असेल तर संपलेच. भाऊ त्या दिवसांत कोणालाही गड्ड्याच्या बाजूला फिरकू देत नसे.

तोच भाऊ गेल्या पौषात जायबंदी झाला. पडता पडता किंजळ वृक्ष शेजारच्या ऐनाच्या झाडात अडकला. तो सोडवताना बुंधा सरकला आणि मांडीचे हाड मोडले. झोळीतून रस्त्यापर्यंत आणायलाच दीड तास गेला. ठेकेदाराने पहिल्या दिवशीचा खर्च दिला, मग म्हणाला, माणसे मुकादमाने लावली. मुकादम म्हणाला, तुझ्या भावानेच काम अंगावर घेतले होते. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा भावाने काढलेला होता. पण त्यात अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख मिळतात. हाड मोडून आठ महिने घरी बसणाऱ्याला काही नाही.

नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात झाडे तोडणाऱ्या मजुराचा स्पष्ट उल्लेख होता. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. म्हणजे इंग्रजांच्या राज्यातही हे काम धोक्याचे म्हणून नोंदले गेले होते. पण मालक कोण हेच कागदावर नसेल, तर दावा लावायचा कोणावर?

आणि कागद तर ढीगभर असतात. सागासारखी खासगी झाडे तोडायलाही परवानगी लागते. आमच्या घरच्या सागांसाठी केलेल्या अर्जात सातबारा होता, झाडांची संख्या होती, जात होती, प्रत्येकाचा घेर होता. नंतर माल हलवायला वाहतूक पास. तोडणार कोण, याला मात्र एक ओळही नव्हती. ती ओळ घाला, एवढीच मागणी आहे. तोडणाऱ्यांची नावे, त्यांना कामावर लावणाऱ्याची सही, आणि उपचार व बुडालेली मजुरी भरून देणाऱ्या विम्याचा कागद, हे जोडल्याशिवाय परवानगी मिळू नये. विम्याचा हप्ता ठेकेदाराने भरावा. एका ट्रकच्या मालापुढे तो किती असणार?

दुसरे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. तिथे दरवर्षी दिवाळीपूर्वी कटरवाल्यांसाठी तीन दिवसांचे शिक्षण ठेवावे, त्या दिवसांची मजुरी देऊन. मजुरी बुडवून कोणी येणार नाही. शिकवायला जुने जाणते तोडणारेही बोलवावेत. माझा भाऊ काठी टेकत का होईना, येईल.

आपला,
एक वाचक, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी