केशवराव भोळे यांच्या तबकड्या अमरावतीतच ऐकता याव्यात : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामीण विदर्भातील घरोघरी पडून असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची जागेवरच नोंद व डिजिटल प्रत करण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

दर्यापूर तालुक्यातील एका ड वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आमच्या वाचनालयात कपाटाच्या खालच्या खणात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या उभ्या लावून ठेवल्या आहेत. त्या कुणी देणगी म्हणून एकगठ्ठा आणून दिलेल्या नाहीत. एका संगीतकाराचा माग काढताना त्या आठवडी बाजारातून, भंगाराच्या दुकानांतून आणि पडायला आलेल्या वाड्यांतून एकेक करून जमल्या. ते संगीतकार म्हणजे केशवराव भोळे.

भोळे यांचा जन्म १८९६ सालचा आणि अमरावतीचा. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले, पण ते शिक्षण अर्धवट सोडून संगीताकडे वळले. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले, त्याचे संगीत त्यांचे होते. पुढे प्रभात फिल्म कंपनीत ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माझा मुलगा’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी केलेले गायकांवरील लेखन जाणकार अजूनही काढून वाचतात. १९७७ साली त्यांचे निधन झाले. गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे यांचे पती एवढीच त्यांची ओळख आज अनेकांना उरली आहे, आणि अमरावती शहरातल्या सुशिक्षित माणसालाही ते आपल्या गावचे होते हे सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या माणसाचे काम विसरले गेले असे म्हणता येत नाही. नाव तेवढे गळून पडले आहे. ‘आधी बीज एकले’ ही रचना आमच्याकडच्या भजनात आजही तुकोबांचा अभंग म्हणून रंगते. प्रत्यक्षात ती ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिली, त्यामुळे गाथेची पाने कितीही उलटली तरी ती सापडत नाही. शब्द तुकोबांचे वाटावेत हे श्रेय आठवले यांचे. परंतु चालही वारकऱ्यांच्या परंपरेतूनच आली असावी असे वाटते, हे श्रेय कुणाचे, असा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. चित्रपटात तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजात ते गाणे ऐकावे. टाळमृदंगाच्या साथीवर ते इतके सहज चालते, आणि त्यात गायकी दाखवण्याचा मोह इतका कटाक्षाने टाळलेला आहे, की रानातून दमून आलेल्या माणसालाही ते पहिल्या ऐकण्यात म्हणता यावे. रागदारीवर अधिकाराने लिहिणाऱ्या माणसाने आपली विद्या अशी बाजूला ठेवणे सोपे नसते.

‘कुंकू’मध्ये तर त्याहून धाडसी गोष्ट आहे. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेवढेच ऐकू येतात, आणि नायिकेला संगीत हवे असते तेव्हा ती घरातला फोनो (ग्रामोफोन) लावते. ही कल्पना अर्थातच दिग्दर्शक व्ही. शांताराम यांची, पण अशा चित्रपटात गाणे कुठे आणि कशासाठी यावे याचा विचार संगीतकाराला चौपट करावा लागतो. त्यातले रस्त्यावरच्या भिकाऱ्याचे ‘मन सुद्ध तुझं’ हे गाणे ऐकल्यावर तो विचार कळतो. ते महाराष्ट्रभर माहीत आहे. त्याचा संगीतकार कोण, असे दहा जणांना विचारून पाहावे.

नाव गळण्याचे एक कारण तबकडीवरच आहे. त्या काळच्या लेबलावर चित्रपटाचे नाव, गाण्याची पहिली ओळ आणि गाणाऱ्याचे नाव छापलेले असते. संगीतकाराचे नाव बहुतेकदा नसतेच. त्यामुळे संग्राहकाला उलट्या दिशेने काम करावे लागते. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर बारीक कोरलेला क्रमांक भिंगातून वाचायचा, चित्रपटगृहात त्या काळी विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका मिळवायच्या, त्यांत दिलेल्या श्रेयनामावलीशी गाणे ताडून पाहायचे आणि मगच वहीत नोंद करायची. पुस्तिका हा तसा नाजूक कागद. तबकडीपेक्षा ती मिळणे अधिक कठीण. आमच्याकडच्या दोन-तीन पुस्तिका एका जुन्या दुकानाच्या हिशेबाच्या चोपड्यांत बांधलेल्या निघाल्या.

इतक्या तबकड्या या भागात आल्या कशा, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर कापसात आहे. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा या बाजारपेठांत जिनिंग-प्रेसिंगच्या जोरावर पैसा खेळत होता, आणि पैसा असलेल्या घरी चावीचा फोनो असणे ही इभ्रतीची बाब होती. आता त्या घरांतली पिढी पुण्याला किंवा परदेशी आहे. वाडा विकायला निघाला की आधी सागवानी तुळया व दारे जातात, मग पितळ आणि तांबे, आणि शेवटी उरलेल्या सामानात ही तबकड्यांची पेटी. ‘आता हे काई वाजत नाई भाऊ, न्या तुम्ही,’ असे सांगून ती दिली जाते. एका घरी तर तबकडी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली होती. धुऊन लावली तेव्हा ‘कुंकू’च्या नायिका शांता आपटे यांचा आवाज अगदी स्वच्छ आला.

ही वस्तू टिकाऊ दिसते, पण तशी ती नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून केलेली असते. (आपल्याच गोंदिया जिल्ह्यात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाख पिकते, आणि लाखेच्या तबकडीचे मोल मात्र आम्हालाच उरले नाही, हे चमत्कारिक आहे.) लाख ठिसूळ, हातातून निसटली की संपली. टिनाच्या खोलीत मे महिन्याच्या ४५ अंशांत ती वाकते. आडव्या थप्पीत ठेवल्यास खालच्या तबकड्या तडकतात. पावसाळ्यात बुरशी येते, आणि घरातले कुणी सद्भावनेने स्पिरिटचा बोळा फिरवतो, तेव्हा स्पिरिटात लाख विरघळत असल्यामुळे खाचांची धार जाऊन पृष्ठभाग कायमचा राखाडी होतो. शिवाय ती वाजवायला एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या, सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. जुन्या फोनोच्या पोलादी पिना प्रत्येक बाजूनंतर बदलायच्या असतात, आणि तीच पिन पुनःपुन्हा वापरली की खाच खरवडली जाते. म्हणजे हौसेने ऐकवणारा माणूससुद्धा नकळत गाणे पुसत असतो.

चित्रपट उपलब्ध आहेत, मग तबकड्या कशाला, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले होते. त्या काळी तबकडीसाठी गाणे पुष्कळदा वेगळे ध्वनिमुद्रित केले जाई, कारण एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. त्यामुळे पडद्यावरचे गाणे आणि तबकडीवरचे गाणे या अनेकदा दोन वेगळ्या वस्तू असतात. आणि चित्रपटांच्याही सुरक्षिततेची खात्री कुणी द्यावी? २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट या ज्वालाग्राही पट्टीवरील जुन्या फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या.

आता मुद्द्याचे. आमच्याकडील तबकड्यांच्या प्रती करून मिळतील काय, अशी विचारणा मी एका शासकीय कार्यालयाकडे केली होती. तबकड्या मुंबईस जमा कराव्यात, पुढील कार्यवाही यथावकाश होईल, असे उत्तर आले. लाखेच्या तबकड्या एसटीच्या पार्सलने पाठवा असे सांगणाऱ्याने त्या कधी हातात धरलेल्या नसाव्यात. आणि त्या सुखरूप पोहोचल्या तरी हेतू साधत नाही. ज्यांच्या आजोबांनी त्या विकत घेतल्या ती माणसे वस्तू कायमची द्यायला कचरतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. प्रत करणारा माणूस आणि यंत्र गावात आले, तबकडी मालकाच्या समोर वाजली आणि लगेच परत मिळाली, तर पेट्या आपोआप बाहेर येतील.

कायद्याची अडचण मोठी नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, तेव्हा प्रभातकाळातील तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर तो आता उरलेला नाही. संगीतरचनेचा हक्क मात्र वेगळा असून तो रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. भोळे यांच्या बाबतीत ती मुदत २०३७ अखेर संपेल. म्हणून गाणी सरसकट इंटरनेटवर टाकावीत असे मी म्हणत नाही. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली आहे : नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेली आमच्यासारखी वाचनालये गावोगावी आहेत. ती आपल्या खात्याकडे नसून उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पत्र आपल्याला लिहिले आहे, कारण दोन विभागांमध्ये फाइल फिरू लागली की ती पुढे ढकलायला मंत्र्यांचाच हात लागतो.

मागणी इतकीच आहे. पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याखाली आहे. त्याच्या देखरेखीखाली एक फिरते पथक विदर्भासाठी नेमावे : योग्य सुयांचा, वेग बदलता येणारा तबकडीवादक, ध्वनिमुद्रणाची साधी सामग्री आणि ते जाणणारी दोन माणसे. त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात मुक्काम करून प्रती कराव्यात, आणि नोंदीच्या नमुन्यात गायक व चित्रपटाबरोबर संगीतकार आणि गीतकार हे रकाने सक्तीचे असावेत. ज्या तबकड्यांवर मालकाने हक्क सोडला असेल त्या वाचनालयांच्या नावे कराव्यात. सर्व नोंदींची एक प्रत अमरावतीच्या शासकीय ग्रंथालयात असावी आणि तेथे बसून गाणी ऐकण्याची सोय असावी. प्रारंभ भोळे यांच्यापासून करावा. स्मारक, पुतळा किंवा पुरस्कार यांतले काहीही मी मागत नाही. त्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. तेथून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस काढल्यास आमच्या तबकड्या, नोंदवही आणि पुस्तिका अमरावतीत आणून दाखवण्याची माझी तयारी आहे. अधिवेशन सुरू होण्यापूर्वी आपल्या कार्यालयाने वेळ कळवावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय (ड वर्ग),
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती.