बिल नाही म्हणून मदत नाही : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

सोलापुरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक तशीच संगणकावर चालणारी सीएनसी लेथ, तीन साध्या लेथ आणि वडिलांच्या वेळचं एक रेडियल ड्रिल. पावसाळ्यात साखर कारखाने बंद असतात तेव्हा त्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह येतात, एरवी यंत्रमागांचे गिअर, कॅम आणि मिळेल ते जॉबवर्क. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून लगेच मुद्द्यावर येतो.

परवा एका सरकारी कार्यालयातून माझा अर्थसाहाय्याचा अर्ज परत आला. कारण एका ओळीत दिलं आहे : 'सॉफ्टवेअर खरेदीचे बिल जोडलेले नाही.'

साहेब, बिल नाही कारण खरेदीच नाही. शॉपचं डिझाइन आणि मशीनिंगचं सगळं काम ओपन सोर्सवर, म्हणजे कोड खुला असलेल्या फुकट सॉफ्टवेअरवर नेतोय, हेच तर त्या अर्जात लिहिलं होतं. उद्योजकांच्या मेळाव्यात व्यासपीठावरून ऐकलं होतं की छोट्या कारखानदारांनी महागड्या परवान्यांच्या विळख्यातून बाहेर पडावं, शासन भक्कमपणे पाठीशी उभं राहील. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. जेवणही चांगलं होतं. आता कळतंय की शासन पाठीशी उभं राहतं ते आधी काहीतरी विकत घेतलं तरच. मी परदेशी कंपनीचा परवाना घेतला असता तर त्यातला काही वाटा तुम्ही भरला असता. मी तो पैसा देशाबाहेर जाऊ दिला नाही, म्हणून अपात्र ठरलो.

मी मागितलं काय होतं? सॉफ्टवेअर फुकट असतं, पण ते शिकणारा माणूस फुकट नसतो. माझा प्रोग्रामर आणि दोन ऑपरेटर नवीन प्रणाली शिकत होते तेव्हा त्यांचा पगार चालू होता आणि मशीन मात्र निम्मा वेळ उभी होती. जुनी हजारो ड्रॉइंग उघडून, तपासून नव्या स्वरूपात साठवायची होती. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला समजेल असा पोस्ट प्रोसेसर, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं काम मशीनच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या, जुळवायचा होता. खर्च इथे आहे. तुमच्या अर्जात या खर्चाला रकानाच नाही. 'उत्पादकाचे नाव' असा रकाना आहे, त्यात मी काय लिहू?

कोणी म्हणेल, एवढी हौस कशाला? हौस नाही साहेब. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की ते आपलं व्हायचं. ऑटोकॅडच्या कंपनीने २०१६ मध्ये नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली, बाजारातल्या इतरांनीही तोच रस्ता धरला. आता दरवर्षी भाडं. माझ्याकडच्या कॅड-कॅमच्या (ड्रॉइंग काढायचं नि त्यावरून मशीनचा प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) एका माणसापुरत्या परवान्याचं वर्षाचं भाडं म्हणजे माझ्या टर्नरचा सहा महिन्यांचा पगार. भाडं थांबलं की स्वतःच काढलेली ड्रॉइंग स्वतःलाच बदलता येत नाहीत. फुकट आवृत्त्यांचं सांगू नका. फ्यूजन या कॅड-कॅम सॉफ्टवेअरच्या घरगुती वापराच्या आवृत्तीतून २०२० मध्ये रॅपिड चाल काढून घेतली, म्हणजे टूल हवेतून जातानाही कटिंगच्या वेगाने सरकणार. एका जॉबला किती मिनिटं वाया जातात ते तुमच्या सचिवांना नाही कळणार, माझ्या हेल्परला कळतं. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला. माझे चांगले चालणारे संगणक विंडोज ११ ला 'अपात्र' ठरले. म्हणजे मशीनही अपात्र, मालकही अपात्र.

दुसरा रस्ता सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. निम्म्याहून जास्त शॉप त्यावर चालतात, हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि तुमचे अधिकारीही खासगीत मान्य करतील. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. माझ्या शेजारच्या शॉपला वकिलाची नोटीस आली तेव्हा त्याने रातोरात हार्ड डिस्क काढून ठेवली. मला तसं जगायचं नव्हतं. तर आमच्याकडे नीट वागणाऱ्याला अर्ज परत येतो, आणि क्रॅकवाल्याला अर्ज करायची गरजच पडत नाही.

आता काम कसं चाललंय तेही ऐका, कारण 'फुकटातलं ते तसलंच' हे वाक्य मला त्या कार्यालयातही ऐकवलं गेलं. आम्ही वापरतो ते फ्रीकॅड हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, पण १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आधी त्यात एक मोठी खोड होती, मॉडेलमधलं एखादं भोक सरकवलं की पुढचे फिलेट (कडांच्या गोलाया) भलत्याच कडेला जाऊन चिकटायचे. ती बरीचशी निस्तरली. व्हीएमसीचं तीन अक्षांचं काम आम्ही आता त्यातच करतो. पोस्ट प्रोसेसर म्हणजे पायथनमधली साधी फाइल असते. टूल बदलताना आमच्या कंट्रोलरला हवी ती ओळ आमच्याच पोराने त्यात बसवली, कुठल्या डीलरच्या हातापाया न पडता. लेथचं मात्र अजून जमत नाही. टर्निंगचे प्रोग्राम ऑपरेटर हातानेच लिहितो, तसंही तो जी-७१ हा टर्निंगचा कोड झोपेत लिहील. पाच अक्षांचं काम मी घेतच नाही.

दुसऱ्या व्हीएमसीचा कंट्रोलर मेला होता. स्लाइड, बॉलस्क्रू, स्पिंडल ठणठणीत, फक्त कार्ड गेलेलं. कार्डाच्या किमतीत आमच्याकडे सेकंडहँड मशीन येतं. आम्ही तिच्यावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवलं, सर्व्हो नवे घातले. या लिनक्ससीएनसीचं मूळ काम अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात केलं आणि सगळ्यांसाठी खुलं सोडलं. बघा, अमेरिकेच्या सरकारची मदत सोलापूरपर्यंत पोहोचली. मुंबईची अजून वाटेत आहे. मशीन आज स्लीव्हला दोन शतांश मिलिमीटरच्या आत धरते. पण कर्जासाठी बँकेचा मूल्यांकक आला, त्याने विचारलं, कंट्रोलर कोणत्या कंपनीचा? कंपनी नाही म्हटल्यावर त्याने भंगाराचा भाव लावला.

आणि आता एका निविदेची गोष्ट. एका सरकारी संस्थेला पंपांचे सुटे भाग हवे आहेत. काम माझ्या आवाक्यातलं आहे. अट अशी की भागांचं संगणकावरचं मॉडेल एका ठरावीक सशुल्क सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीतच द्यायचं. अशा मॉडेलच्या फाइलींसाठी स्टेप नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०३०३, १९९४ पासूनचं. जगातलं कुठलंही बरं कॅड ते उघडतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. २०१५ मध्ये आणखी एक धोरण आलं, ओपन सोर्सला प्राधान्य द्या आणि वगळलं तर कारण द्या. मी ही दोन्ही धोरणं छापून त्या संस्थेत नेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी पाहिली आणि म्हणाले, "हे केंद्राचं आहे. आणि सॉफ्टवेअरचं आहे, तुमचं तर पंपाचं आहे."

मी हसलो. रडण्यापेक्षा बरं.

मुळात या महागड्या सॉफ्टवेअरची सवय लागते कुठून ते बघा. आमच्या पोरांना पॉलिटेक्निकात नि आयटीआयमध्ये ज्या सॉफ्टवेअरची सवय लावतात ते विद्यार्थ्यांना फुकट असतं. कंपन्या उगाच फुकट देत नाहीत. पोरगं नोकरीला येतं तेव्हा त्याला दुसरं काही येत नाही, आणि मग भाडं आम्ही भरतो. सरकारी खर्चाने चाललेला हा कंपन्यांचा विक्री विभाग आहे. केरळने शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर नेऊन कित्येक वर्षं झाली. आपल्या आयआयटी मुंबईने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्-श्राव्य धडे मराठीसकट अनेक भारतीय भाषांत केले. माझ्या शॉपमध्ये तेलुगू नि कन्नड बोलणारी माणसं आहेत, त्यांनाही त्यांच्या भाषेत असं काही मिळालं तर व्हीएमसीवर उभा राहणारा माणूस आठवड्यांत तयार होईल. पण आमच्याकडे योजना आली की आधी पोर्टल येतं, मग पोर्टल बंद पडतं, मग मुदत संपते.

आणि पोरगं तयार झालं तरी राहतं कुठे? माझा आधीचा डिझाइनर चाकणला गेला. त्याच्या आधीचाही. सोलापूर पहिल्या वीस स्मार्ट शहरांत होतं, जानेवारी २०१६ ची गोष्ट, फटाके फोडले होते लोकांनी. अजून नळाला रोज पाणी येत नाही. विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमान सुरू झालं, छान झालं. त्यातून कोण येतं मला माहीत नाही, पोरं मात्र पुण्याच्या गाडीने जातात आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपुरती परततात. एकेकाळी गिरण्यांचं गाव होतं हे. गिरण्या बंद पडल्या तेव्हाही कोणीतरी म्हणालं होतं, शासन पाठीशी आहे.

मला अनुदानाची भीक नको आहे. प्रशिक्षणाच्या काळातला पगार आणि रूपांतराचं काम हा खर्च म्हणून धरा, मी हजेरीपट आणि बँकेचं स्टेटमेंट देतो. आयटीआयमध्ये एक तुकडी फ्रीकॅडवर घ्या, माझं मशीन रविवारी मोकळं असतं, पोरांना पाठवा. बँकांना सांगा की मशीन मोजायची असते ती तिच्या कामावर, नावाच्या पाटीवर नाही. आणि त्या निविदेची मुदत अजून संपलेली नाही. शुद्धिपत्रक निघू शकतं. मॉडेलच्या अटीत 'किंवा स्टेप फाइल' एवढंच घालायचं आहे.

आपला,
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक अपात्र कारखानदार